तीर्थाचं पाणी लाल झालं ते वर्ष

डोंगरावर तीन पायांचं यंत्र लावून माणसं उभी आहेत, हे मला शाळेतून परतताना दिसलं आणि मी रस्त्यातच थांबले. आमच्या त्या डोंगरावर सहसा कुणी जात नाही. काजूच्या दिवसांत बायका बोंडू गोळा करायला जातात, गुराखी जातो, एवढंच. डोंगर देवाचा मानलेला. त्याच्या पायथ्याशी खडकातून एक झरा येतो, आधी दगडी कुंडात पडतो आणि कुंडातून पायऱ्यांच्या कडेने नदीत उतरतो. या जागेलाच सगळे तीर्थ म्हणतात. श्रावणातल्या अष्टमीला गोव्यातली, पेडण्यापासून सत्तरीपर्यंतची, आणि सीमेपलीकडून दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसं इथे बुडी मारायला येतात. एरवी वर्षभर अस्थी घेऊन येतात. देऊळ लहान आहे. नारळ-फुलांची थोडी दुकानं, एक चहाचं हॉटेल, आणि पायऱ्यांच्या डोक्यावर रस्त्याला लागून आमचं घर.

यंत्रवाल्यांतला एकजण पाणी प्यायला खाली उतरला, तेव्हा मी त्याला गाठलं.

"कसलं माप घेताय?"

"रस्त्याचं, बाई."

"कुठल्या रस्त्याचं?"

"वर जाणाऱ्या."

"वर कोण राहतं?"

तो हसला. "आता राहतील की."

हसणं साधंच होतं, त्याच्या मनात काही नसावं. पण त्या दिवसापासून मी रोज शाळेतून येताना मान वर करून डोंगर बघायला लागले.

हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू पाळीची गो. लाल माती बघलंस काय भियातंस."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझं माहेर पाळीच्या बाजूला, खाणपट्ट्यात. मी शाळेत होते तेव्हा आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी खाली जायला लागलं. कुणी येऊन काही सांगितलं नाही, काही कोसळलं नाही. आई कळशी सोडायची ती पाण्याला पोचेना, म्हणून तिने दोरीला आणखी दोरी बांधली. वडील म्हणाले, यंदा पाऊस कमी झाला. पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि दोरी आणखी वाढली. मग एका सकाळी कळशी खाली खडकावर आपटल्याचा आवाज आला. आईने ती वर ओढली, तर आत ओली माती. ती काठावर बसून राहिली, चूल पेटवायची वेळ झाली तरी उठली नाही. पुढे टँकर आले, नळ आले, आम्ही पाणी प्यायलो, शिकलो, मोठे झालो. विहिरीवर वडिलांनी फळ्या टाकल्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा नव्या घरात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर जनेलातून, म्हणजे खिडकीतून, ऐकू येणारं झऱ्याचं पडणं. पाणी जिवंत आहे एवढं त्यातून कळायचं.

नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता आणि तोही खराच होता. त्याचा खनिजाचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या तेव्हा तो ट्रक घराच्या बाजूला फणसाखाली उभा राहिला. सुरुवातीला तो दर रविवारी इंजिन सुरू करून बघायचा. मग ते बंद झालं. शेवटी ट्रक विकला गेला आणि त्याने टॅक्सी घेतली. मोपाचा विमानतळ झाल्यावर थोडी भाडी वाढली, पण तिथे रांगेत ताटकळावं लागायचं, आणि पर्यटक सगळे समुद्राकडे जाणारे. आमच्या डिचोलीकडे वळतो कोण?

म्हणून सरपंच घरी आला तेव्हा नवरा खूश झाला. सरपंच त्याचा लहानपणचा मित्र. दोघे एकाच बाकावर शिकलेले, एकाच पायरीवरून नदीत उड्या मारलेले. त्याने चहा घेतला, पावाचा तुकडा चहात बुडवला आणि म्हणाला, "वहिनी, आपलं गाव आता नकाशावर येतंय."

त्याने सगळं समजावलं. डोंगरावर हॉटेल. पायऱ्या काढून रुंद काँक्रीटचा घाट. जेटी, तिथून पर्यटकांना फिरवायच्या बोटी. संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात आरती, बसायला खुर्च्या. खाली वाहनतळ, आणि टॅक्सी स्टँड फक्त गावातल्या पोरांसाठी.

"स्टँड तूच सांभाळ," तो नवऱ्याला म्हणाला. "आपला माणूस पाहिजे."

मी विचारलं, "आणि झरा?"

"झऱ्याला कोण हात लावतोय? उलट त्याला कठडा घालू, दिवे लावू."

"कठडा ठीक आहे. पण वरचा डोंगर कापला तर झऱ्यात पाणी कुठून येईल?"

तो नवऱ्याकडे बघून हसला. "शाळेतल्या बाईंसमोर आमचं काही चालत नाही बाबा."

आमच्या सासूबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर सावंतवाडीकडचं. या गावात येऊन उभं आयुष्य गेलं तरी बोली तिकडचीच राहिली. रोज पहाटे त्या कुंडावर अंघोळ करतात आणि एक घागर तीर्थाचं पाणी घरी आणतात. देवाला त्यातलं, प्यायला त्यातलं. सरपंच गेल्यावर मी त्यांना विचारलं, "आई, तुम्हांला काय वाटतं?"

"पोराक काम मिळतला तर बरा," त्या म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागल्या.

त्या माझ्या बाजूने बोलतील असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मला घरात फार एकटं वाटलं.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. कंपनीकडून एक तरुण माणूस आला होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोलायला अगदी नम्र. पडद्यावर त्याने चित्रं दाखवली. आमचीच नदी, पण मी ती ओळखली नाही. पाणी निळं, काठावर गोल छत्र्या, हातात ग्लास घेतलेली माणसं. कुणी अंघोळ करत नव्हतं. कुठे वाळत घातलेलं लुगडं नव्हतं. पिंडाला शिवायला येणारे कावळेही नव्हते.

मी उभी राहिले. सगळी ओळखीची तोंडं आणि तीच माझ्याकडे अनोळखी असल्यासारखी बघत होती.

मी एवढंच विचारलं, "डोंगर कापल्यावर झरा राहील असं कुणी तपासलंय का?"

"सर्व परवानग्या रीतसर घेतल्या जातील, मॅडम," तो माणूस म्हणाला.

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "आणि अस्थी खय सोडूच्यो?"

त्या माणसाने पडद्यावर लांब एका टोकाकडे बोट दाखवलं. तिथे झाडांचं चित्र होतं. "त्यासाठी वेगळा कोपरा ठेवला आहे. म्हणजे पर्यटकांना त्रास व्हायला नको."

मंडपात एकदम गलका झाला. झऱ्याच्या प्रश्नावर गप्प असलेली माणसं आता उठून उभी राहिली. "त्रास? आमच्या आईबापांचो त्रास?" कुणीतरी ओरडलं. सरपंच हात वर करून सगळ्यांना बसवू लागला. माझा नवरा मागच्या खांबाला टेकून उभा होता, जमिनीकडे बघत. प्रकल्पाला मंजुरी देण्याचा ठराव पुढे ढकलला गेला.

लोक मला चांगलं बोललीस म्हणाले. नवऱ्याने मात्र घरी आल्यावर विचारलं, "तुका उभा रव्हाकच होया होता?" आणि त्यानंतर बरेच दिवस आमच्यात जेवायला वाढू का, दूध आणलं का, याच्या पलीकडे बोलणं झालं नाही.

मग लहानसहान गोष्टी सुरू झाल्या. शाळेत मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, वाळपईच्या पुढे एका शाळेत जागा रिकामी आहे म्हणे. कुणीतरी बदलीसाठी तुमचं नाव विचारत होतं." त्यांचा हेतू सावध करण्याचाच असावा. वाण्याच्या दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. ज्यांची पोरं खाणी बंद झाल्यापासून घरी बसली होती, त्या बायका माझ्याशी तुटक वागायला लागल्या, आणि मला त्यांचा राग यायचा नाही. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं? मुलगी पुण्याला शिकत होती, तिच्या खोलीचं भाडं टॅक्सीवर चालत होतं. कधी वाटायचं, मी माझी माहेरची भीती सगळ्या गावावर लादते आहे. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबायचा. घरी आले की आधी जनेलाशी जाऊन झऱ्याचा आवाज ऐकायचा, मग पर्स खाली ठेवायची, अशी सवयच लागली.

दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. ठराव झाला नव्हता, पण डोंगराचा वरचा भाग खाजगी मालकीचा आहे, तिथे ग्रामसभेची गरज नाही, असं कळलं. पिवळी जेसीबी आमच्या दारावरून वर गेली. दिवसभर दगड फुटल्याचा आवाज यायचा. काजूची झाडं आडवी झाली. खालून बघितलं तर हिरव्या डोंगरावर लाल ओरखडा दिसायचा आणि तो रोज थोडा रुंद व्हायचा.

मग अवकाळी पाऊस आला. फार नाही, एक दुपार आणि एक रात्र.

सकाळी मी चहा टाकत होते. नवरा मेजाशी बसून, पाव विकायला येणाऱ्या पोदेराकडून घेतलेली पिशवी सोडत होता. सासूबाई घागर घेऊन आल्या. रोज त्या आधी देवघरात जातात. त्या दिवशी सरळ आत आल्या, फडताळातून काचेचा पेला काढला, घागरीतलं पाणी त्यात ओतलं आणि मुलासमोर ठेवला. पाणी विटेच्या रंगाचं होतं.

"पी," त्या म्हणाल्या.

"आवय, काय ह्या?"

"तीर्थ. रोज पितस तां. पी."

त्याने पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे डोळे त्या पाण्यावरून हलत नव्हते.

"तुज्या बापाशीक अखेरचो घोट मी ह्याच पाण्याचो दिलंय," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, नेहमीचाच होता. "माका कोण देतलो? आनी कसला देतलो? ह्या?"

तो उठला. पाव तसेच राहिले. टॅक्सीची चावी उचलून तो बाहेर पडला, तेव्हा मला वाटलं, रागाने विमानतळाकडे चालला. पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. मी दारात येऊन बघितलं. त्याने टॅक्सी डोंगराच्या रस्त्याच्या तोंडाशी आडवी लावली होती आणि स्वतः बॉनेटला टेकून उभा होता. हात छातीशी बांधलेले. जेसीबीचा चालक खाली उतरून त्याच्याशी काही बोलत होता. तो चालक सिंधुदुर्गातला, आमच्याच भाषेत बोलणारा, त्याला कुणाशी भांडण नको होतं. तो बिडी पेटवून बाजूला दगडावर जाऊन बसला.

पायऱ्यांवर आलेल्या बायका पाणी बघून तशाच वर आल्या होत्या, ओल्या लुगड्यांनी. काहींच्या हातांत रिकाम्या कळश्या. त्या टॅक्सीच्या मागे रस्त्यावर बसल्या. माझ्याशी तुटक वागणाऱ्यांतल्या दोघी त्यांच्यात होत्या. मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि जाऊन त्यांच्याजवळ बसले. सासूबाई आधीच पुढे बसलेल्या होत्या.

सरपंच स्कूटरवरून आला. "काय चाललंय हे?" त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं. "तू? बाकी कोणी असता तर समजलो असतो."

"खाली जावन कुंड बघून ये," नवरा म्हणाला.

"पावसाचं गढूळ आहे. चार दिवसांत निवळेल."

"इतकी वर्सां पाऊस पडता. कधी लाल झालां?"

"स्टँडचं काय ठरलं होतं आपलं? माझ्या शब्दावर मी तुझं नाव दिलंय."

"माका नको स्टँड."

सरपंचाने स्कूटर सुरू केली. "मग उद्या माझ्याकडे येऊ नकोस," तो म्हणाला आणि स्कूटर वळवून गेला. माझा नवरा हात खिशात घालून पुन्हा बॉनेटला टेकला. दुपारी पोलीस आले. त्यांनी गाडी काढायला सांगितली, नाव लिहून घेतलं, टॅक्सीचा परवाना जाऊ शकतो असंही सांगितलं. नवऱ्याने गाडी काढली, पण तोवर रस्ता भरून माणसं बसली होती आणि मशीन वर जाणं शक्य नव्हतं. त्यानंतर आम्ही पाळीपाळीने बसलो. घरची कामं आवरून बायका येत, संध्याकाळी कामावरून परतलेले पुरुष येत. दरम्यान गावातल्या काहींनी पणजीत वकील गाठला, आणि कोर्टाने काम थांबवलं. पुढचा हुकूम होईपर्यंत.

कामाला स्थगिती मिळाली म्हणून देवळात नारळ फोडला गेला. मला मात्र हायसं वाटलं नाही. ओरखडा तसाच होता. सैल माती तशीच वर पडून होती.

याच काळात सरपंचाची आई गेली. नवरा खबर कळल्याबरोबर गेला. मरणाला कुणी मानपान बघत नाही. तिरडीला खांदा दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी सोडायच्या होत्या. म्हातारीने आधीच सांगून ठेवलं होतं की याच पायऱ्यांवर सोडा. त्याच्या नातेवाइकांतलं कुणीतरी म्हणालं, पाणी अजून निवळलेलं नाही, हरवळ्याच्या धबधब्यावर जाऊ. सरपंच नाही म्हणाला. मी वरून बघत होते. तो गुडघाभर गढूळ पाण्यात उतरला, भटजी मंत्र म्हणत होते, आणि त्याने मडकं तिरपं केलं. राख लगेच दिसेनाशी झाली. तो बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. वर आल्यावर त्याचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं झालं होतं. माझ्या नवऱ्याने त्याला टॉवेल दिला.

त्यानंतर सरपंच बदलला असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. प्रकल्प व्हायला पाहिजे असंच तो अजून म्हणतो. फक्त अस्थींच्या कोपऱ्याचं नाव काढत नाही. कंपनीने लहान केलेला नवा आराखडा पाठवला आहे: हॉटेल अर्धं, जेटी एकच. गावातली काही घरं आता म्हणतात, एवढं झालं तर काय बिघडलं? नवऱ्याचा परवाना राहिला, पण जी हॉटेलं त्याला भाडी द्यायची त्यातल्या काहींनी ती देणं बंद केलं. का, ते कुणी सांगत नाही. तो पहाटे मोपाला जाऊन रांगेत उभा राहतो. "तुझ्यामुळे" असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

पाणी उन्हाळ्यापर्यंत निवळलं. धार मात्र बारीक झाली आहे. मला तसं वाटतं. नवरा म्हणतो, एप्रिलात ती बारीकच असते. आम्ही दोघे कुंडाशी उभे राहून यावर वाद घालतो आणि दोघांपैकी कुणालाच नक्की माहीत नसतं. अष्टमीला नेहमीसारखी गर्दी झाली. भिजलेली मुलं, केळी, नारळ, माणसांचे लोंढे. मी एका बाईला कुंडातलं पाणी ओंजळीत घेऊन पिताना बघितलं आणि माझ्या तोंडून "थांबा" असं निघता निघता राहिलं. पाणी अगदी स्वच्छ होतं.

मागच्या सुनावणीला सासूबाई हट्टाने आमच्याबरोबर आल्या. इस्त्री केलेलं नऊवारी, कपाळावर चंदनाचा टिळा. कोर्टात त्या बाकावर ताठ बसल्या आणि बोलणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघत राहिल्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं. आमचं प्रकरण पुकारलं गेलं, दोन्ही वकील थोडं थोडं बोलले आणि पुढची तारीख मिळाली.

बाहेर आल्यावर त्यांनी वकिलांना नदीबद्दल विचारलं, "आमच्या न्हंयचा नाव घेतलास काय रे बाबा?"

वकील गोंधळले. "आजी, तिथे सर्व्हे नंबर सांगतात. जमिनीचा नंबर."

"तां नको. न्हंयचा नाव?"

"आज नाही घेतलं."

सासूबाईंनी मान हलवली. "मगे फुडच्या तारखेक घे," त्या म्हणाल्या आणि मुलाचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या उतरू लागल्या. नवरा गाडी आणायला पुढे गेला. आम्ही दोघी सावलीत उभ्या राहिलो. माझा फोन वाजला. शेजारीण विचारत होती, आज सकाळी पुन्हा ते तीन पायांचं यंत्र घेऊन माणसं डोंगरावर गेली आहेत, तुम्हांला कुणी काही सांगितलंय का? मी नाही म्हणाले. मग सासूबाईंकडे बघितलं. त्या रस्त्याच्या दिशेने गाडीची वाट बघत होत्या, आणि हे त्यांना आत्ता सांगावं की घरी पोचल्यावर, ते मला ठरवता येईना.